टेकडीवरचा बिनतिकीट

गिरणी बंद पडून दुसरा महिना लागला, तेव्हा आमच्या टाईमकीपरनं नाटक लिहायला घेतलं.

गिरणी म्हणजे सूतगिरणी, सहकारातली. कळंबच्या बाजूला, गावापासून चांगली लांब, उघड्या माळावर बांधलेली. बहात्तरच्या दुष्काळातून माणसं कशीबशी वर आली आणि पुढं काही वर्षांनी आसपासच्या शेतकऱ्यांनी शेअर भरून ती उभी केली. मी तिथं सूत कातायच्या मशीनवर, रिंगफ्रेमवर, कामाला होतो. आमच्या बौद्ध वस्तीतून गिरणीत लागलेला मी दुसराच. माझी माय शेजारणीला सांगताना 'कंपनीत हाय' असं म्हणायची.

सुताला ओल लागते. हवा कोरडी पडली की धागा तटातट तुटतो, म्हणून खात्यात सारखा पाण्याचा फवारा सोडावा लागतो. त्या वर्षी पुन्हा पाऊस गेला आणि बोअर आटले. त्यात कापूस येईना, वीज टिकेना. भोंगा वाजायचा बंद झाला. अर्धा पगार मिळत होता म्हणून आम्ही वसाहत सोडली नाही, आणि सोडून जायचं तरी कुठं, गावाकडं त्याहून कठीण होतं. एस.टी. फाट्यावर थांबायची. तिथून आमच्या खोल्यांपर्यंत नुसता माळ, कपाशीच्या पळाटीची एक काडीसुद्धा उभी नाही. दिवसभर माणसं पत्र्याच्या सावलीत बसून एकमेकांची तोंडं बघायची.

टाईमकीपर हा बारीक अंगाचा, चाळिशीतला माणूस. वाचनालयातून गठ्ठ्यानं पुस्तकं आणायचा, पण त्याला एकाच तऱ्हेच्या गोष्टींचं वेड होतं. जहाज फुटतं, माणसं बेटावर अडकतात, सुटका होत नाही आणि चांगली शिकलेली, कपड्यालत्त्यातली माणसं हळूहळू जनावरासारखी वागायला लागतात. अशा गोष्टी तो चहा पिताना आम्हाला सांगायचा. सांगताना त्याचे डोळे मोठे व्हायचे.

"पण तुमी सांगायलाव ते समद्रावरचं हाय," असं एकदा आक्का म्हणाली. "आमी कुठं बघितलाय समद्र?"

आक्का सूत गुंडाळायच्या खात्यात होती. नवरा वारलेला, दोन पोरी सासरी. वयानं आमच्यात मोठी, म्हणून सगळी गिरणी तिला आक्काच म्हणायची.

ती बोलली ते त्याच्या मनात राहिलं असावं. पंधरवड्यानं त्यानं आम्हाला कापसाच्या रिकाम्या गोदामात बोलावलं आणि स्वतः लिहिलेलं नाटक वाचून दाखवलं. समुद्राची त्यानं तेरणा केली होती आणि जहाजाची एस.टी.

पहिल्याच वाक्याला आम्ही हसलो. तेरणेला पूर आलाय, असं ते वाक्य होतं. त्या दिवसांत तेरणेच्या पात्रात बायका झरे खोदून वाटीनं पाणी भरत होत्या. एकजण तर लोळलाच. टाईमकीपर रागावला नाही. हसू थांबेपर्यंत थांबला आणि पुढं वाचू लागला. थोड्या वेळानं गोदामात चिमणी पंख झाडायची तेवढाच आवाज राहिला.

गोष्ट अशी होती. पुलावरून पाणी जात असताना ड्रायव्हर गाडी घालतो. गाडी वाहून जाते, त्यात ड्रायव्हरही जातो. उरलेले प्रवासी एका टेकडीवर चढतात. चारी बाजूंनी पाणी. पहिल्या दिवशी सगळे भाकरी वाटून खातात, म्हातारीला कोरडी जागा देतात. कंडक्टर सगळ्यांना धीर देतो, कारण त्याच्या अंगावर सरकारी खाकी आहे, गळ्यात पिशवी आहे, हातात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा आहे. दिवस जातात. होडी येत नाही. भाकरी संपते. मग कंडक्टर ठरवू लागतो, कुणी काय खायचं, कुणी कुठं झोपायचं. चिमटा वाजला की सगळ्यांनी उठायचं. एकजण वाहून आलेलं गाडीचं स्टिअरिंग आणतो, ते दगडावर ठेवतात आणि त्याला शेंदूर फासतात. आणि मग कधीतरी कंडक्टरच्या ध्यानात येतं की एका प्रवाशाकडं तिकीटच नाही. पूर त्याच्यामुळं आला. ह्या बिनतिकिटामुळं गाडी बुडाली. ते त्याची शिकार करतात. त्याला मारून टाकल्यावर होडी येते. सगळे घाईनं तोंडं पुसतात, शर्टाची बटणं लावतात, पुन्हा प्रवासी होतात. आणि कंडक्टर मेलेल्याच्या खिशात एक तिकीट घालतो. भोक पाडून.

वाचून झालं आणि त्यानं वही मिटली. शेजारी बसलेल्या माणसाच्या डोक्यातून असं काही निघतं, ह्याचंच मला मोठं नवल वाटलं. रोज आमच्या हजेरीला खुणा करणारा हा माणूस, ह्याच्या आत एवढा पूर कुठून आला?

कामं वाटली गेली. म्हातारीचं काम आक्काला. कंडक्टरचं काम माझ्या मित्राला मिळालं. तो कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात होता, आडदांड, आवाज भरदार. कोरडवाहू शेती असलेल्या मराठ्याच्या घरचा. स्वभावानं इतका मऊ की खात्यात चिमणीचं घरटं पडलं तर मशीन थांबवून ते उचलून ठेवायचा आणि जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, शिव्या खायचा. तीन वर्षं आम्ही दोघं एका डब्यात जेवत होतो. त्याच्या घरून ठेचा यायचा, माझ्या घरून कोरड्यास, म्हणजे कालवण.

"बिनतिकीट तू कर," टाईमकीपर मला म्हणाला. "तू कबड्डी खेळतोस. पडायचं कसं ते तुला कळतं."

मी खुशीत घरी सांगितलं. गाव गिरणीपासून तासाभराच्या वाटेवर होतं. मायनं सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि विचारलं, "त्यो मारला जानारा तूच का रं?"

"अगं माय, मला पडता येतं म्हणून."

"आसंल," ती म्हणाली आणि चुलीकडं वळली.

ती का विचारतेय हे मला कळत होतं. काही वर्षांपूर्वी नामांतरावरून मराठवाड्यात जे पेटलं होतं त्या दिवसांत आमच्या वस्तीनं काही रात्री ज्वारीच्या उभ्या पिकात बसून काढल्या होत्या. मायनं धाकट्या बहिणीच्या तोंडावर हात दाबून धरला होता. नंतर सगळं शांत झालं. त्याच गावच्या त्याच विहिरीजवळून आम्ही त्याच माणसांना रामराम घालत जाऊ लागलो. गिरणीत तर तो विषय कुणीच काढायचं नाही. मीही काढत नव्हतो.

तालमी सुरू झाल्या. सगळं छान जमत होतं, फक्त शिकार जमत नव्हती. मित्राचा हातच उचलेना. तुटलेल्या खोक्याची फळी हातात घेऊन तो माझ्यापर्यंत यायचा आणि हसू फुटायचं त्याला.

"अरे, तू त्याला मारायला निघालायस!" टाईमकीपर ओरडायचा.

"मारतो की. पर ह्यो माझ्याकडं बघायलाय, मग कसं मारू?"

मग टाईमकीपरला पिपं सुचली. गोदामाबाहेर पाण्याची पत्र्याची मोठी पिपं रिकामी पडली होती. त्यातली चार आत आणली. शिकारीच्या वेळी चौघांनी ती फळकुटांनी बडवायची, सुरुवातीला हळू, मग जलद. बाकीच्यांनी त्याच ठेक्यावर पाय आपटत माझ्याभोवती फिरायचं.

ती दुपार मला अजून स्वच्छ आठवते. गोदामाचा पत्रा तापून तडतडत होता. आक्कानं सकाळी तेरणेच्या झऱ्यावरून घागर आणली होती, आमच्या सगळ्यांच्या पिण्यासाठी तेवढीच. ती ओल्या फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली. पिपं वाजू लागली. रिकाम्या पिपाचा आवाज तुम्ही बंद जागेत ऐकला असेल तर सांगायला नको. तो कानात शिरत नाही, छातीत शिरतो. पाय पडू लागले. कापसाचा जुना धुरळा उडाला आणि दारातून येणाऱ्या उन्हात तरंगू लागला. मी ठरल्याप्रमाणं मध्ये गुडघ्यावर बसलो, हात जोडले आणि म्हणालो, "तिकीट काढतो, मास्तर, तिकीट काढतो."

ह्यावर हसू यायचं नेहमी. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मी वर बघितलं. मित्रानं डोळे गच्च मिटले होते. तोंड उघडं होतं आणि मान ठेक्यावर हलत होती. बाकीच्यांचे डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडं बघत नव्हते, माझ्यातून पलीकडं बघत होते. फिरणं ठरलेल्यापेक्षा जलद झालं. घेर लहान होत गेला. मला वाटलं, काय सुंदर चाललंय! खरंच तसं वाटलं. मग पहिली फळी खांद्यावर बसली आणि ती खरी होती.

मी उठून पळालो. नाटकातही पळायचंच होतं, म्हणून त्यांना फरक कळला नाही. का कळला, आणि कळूनही पाय थांबले नाहीत, कोण जाणे. रिकाम्या पोत्यांच्या थप्पीपर्यंत पोचलो तोवर कुणीतरी शर्ट धरला. तो फाटला. मी पडलो, आणि ते पडणं कबड्डीतलं नव्हतं. कपाळ फरशीवर आपटलं. पिपं वाजतच होती. वरून फळ्या येत होत्या. आणि मागून, त्या गलक्यातून, एक शब्द आला. तो शब्द नाटकात नव्हता. माझ्या जातीला पूर्वी गावात ज्या नावानं हाका मारत ते नाव, पुढं एक शिवी जोडून. एकानं म्हटलं, मग आणखी कुणी म्हटलं, आणि ते पिपाच्या ठेक्यात चपखल बसलं.

माझ्या अंगातला पळायचा जोर त्या शब्दानं काढून घेतला. मी हातानं डोकं झाकून तसाच पडून राहिलो.

आणि अंगावर पाणी पडलं.

गार पाणी. एकदम, भरपूर, माझ्या पाठीवर आणि त्यांच्या तोंडांवर. आक्कानं अख्खी घागर आमच्यावर उपडी केली होती. रिकामी घागर दोन्ही हातांत धरून ती उभी होती.

पिपं थांबली. फळ्या हवेतच राहिल्या. मी पाहिलं, एकूणएक माणूस फरशीकडं बघत होता. पाणी धुरळ्यातून ओघळत फटींत मुरत होतं. एवढं पाणी सांडलेलं आम्ही कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मारणारे हात मोकळे झाले, आणि एकजण खाली बसून ओंजळीनं ते अडवायला लागला. त्याला बघून दुसरा बसला. मघाशी ज्या चेहऱ्यांत मला कुणीच ओळखू आलं नव्हतं, ते चेहरे एक-एक करून परत आले, झोपेतून उठल्यासारखे. माझा मित्र शेवटी आला. त्यानं डोळे उघडले, हातातल्या फळीकडं पाहिलं, मग माझ्या कपाळाकडं. फळी हळूच भिंतीला टेकवली, आवाज होऊ नये अशी, आणि तो दारातून निघून गेला.

"काय रं ही माणसं," आक्का एवढंच म्हणाली. तिनं पदर फाडून माझ्या कपाळाला बांधला.

टाईमकीपर वही छातीशी धरून खांबाला टेकला होता. नंतर त्यानं मला खोलीवर येऊन सांगितलं, "मी थांबवायला पाहिजे होतं. पण मला हलताच आलं नाही. मी लिहिलं होतं त्याच्यापेक्षा ते खरं होत होतं. मी नुसता बघत राहिलो."

मला त्याचा राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मला रागापेक्षा दुसरंच काहीतरी वाटत होतं. अंग ठणकत होतं, त्या शब्दानं आत जळत होतं, आणि तरी मी अवाक झालो होतो. चार पत्र्याची पिपं, एक फळकूट, पंधरा पानी नाटक. एवढ्यावर तीन वर्षं माझ्याबरोबर जेवणारी माणसं कुठल्या कुठं गेली! पुस्तकातल्या माणसांना बेटावर महिने लागत होते. इथं ना बेट, ना पूर, ना भूक. दार उघडं होतं आणि बाहेर सायकली लावलेल्या होत्या.

मित्र नंतर तालमीला आलाच नाही. बाकीचे येऊन मला भेटून गेले. कुणी केळी आणली, कुणी नुसतं "चूक झाली" म्हणून खाली बघत बसलं. तो शब्द कुणी काढला नाही. शेवटी मीच त्याच्या गावी गेलो. तो गोठ्यात होता. गोठ्यात जनावर नव्हतं, चारा छावणीत नेलेलं. रिकाम्या दावणीपाशी तो बसला होता.

"बस," तो म्हणाला. मी भिंतीला टेकून खाली बसलो.

मग तोच म्हणाला, "त्यो शब्द म्या म्हटला का रं?"

"ठाऊक न्हाय. माझं तोंड खाली होतं."

"मला बी ठाऊक न्हाय. लई आठवून बघितलं." तो दावणीची दोरी बोटांना गुंडाळत होता. "तुला येक सांगू? मारायचं वाईट वाटत न्हाय मला. म्हंजी वाटतंय, आता वाटतंय. पर तवा..." तो थांबला. "तवा लई बरं वाटत होतं. अंग हलकं झालतं. जलमात येवढं हलकं वाटलं न्हाय. म्या एकटा न्हवतोच. समदे मिळून एकच हुतो. आणि तू हुतास का दुसरं कोन हुतं, काय बी कळत न्हवतं. ह्याचं भ्या वाटतंय मला. आत काय बसलंय माझ्या?"

माझ्यापुढं बसलेला माणूस आपल्याच आत डोकावून आलेला होता आणि तिथं जे दिसलं ते त्यानं लपवलं नव्हतं. अशी हिंमत मी पुढंही फार कमी माणसांत बघितली. मी म्हणालो, "नाटक करायचं आपण."

"खुळा झालास का?"

"न केलं तर ते तिथंच राहतं, गोदामात. केलं तर लोक बघतील."

"आणि पुन्हा तसं झालं म्हंजी?"

"तू डोळे मिटले होतेस," मी म्हणालो. "ह्या वेळेला मिटू नको. माझ्याकडं बघत राहा."

पुढच्या सगळ्या तालमीत आम्ही तेवढ्यावरच काम केलं. पिपं वाजायची, घेर लहान व्हायचा, आणि तो फळी उचलून माझ्या डोळ्यात डोळे घालून उभा राहायचा. घामानं निथळायचा. फळी माझ्या शेजारी, हातभर अंतरावर, भरून ठेवलेल्या पोत्यावर पडायची. एकदाही चुकली नाही. आणि सांगतो, डोळे मिटून मारलं होतं त्याच्यापेक्षा हे बघायला शतपटीनं भयंकर होतं, कारण आता त्याला मी दिसत होतो.

प्रयोग गिरणीच्या फाटकासमोरच्या ओट्यावर झाला, दिवस कलताना. जवळच्या गावांतून माणसं बैलगाड्यांतून, चालत आली होती. चेअरमन आणि संचालक पुढं खुर्च्यांवर. मागं बायका, पोरं. आमच्या वस्तीतलीही बरीच माणसं आली होती. माय त्यांच्यात, डोईवर पदर घेऊन बसलेली.

तेरणेला पूर आलाय म्हटल्यावर इथंही हशा झाला. कंडक्टरनं म्हातारीला कोरडी जागा दिली तेव्हा टाळ्या पडल्या. स्टिअरिंगला शेंदूर लावला तेव्हा हसू अर्धवटच आलं. मग कंडक्टरनं सगळ्यांची तिकिटं तपासली आणि माझ्यापाशी येऊन थांबला, तेव्हा मागून एक बाई ओरडली, "आता ह्याचं काय खरं न्हाय!"

पिपं सुरू झाली. मी मध्ये गुडघ्यावर बसलो होतो, म्हणून मला प्रेक्षक नीट दिसत होते. आणि तिथं जे दिसलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आधी पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. मग मोठ्या माणसांनी. चेअरमनचा बूट हलत होता. खुर्च्यांवर बसलेल्यांचे हात खुर्च्यांच्या दांड्यांवर पडत होते. फेटेवाली, टोपीवाली माणसं, पोराला कडेवर घेतलेल्या बाया, सगळी ठेक्यात डोलत होती आणि सगळ्यांची तोंडं थोडी उघडी होती. माळावर शेकडो माणसांचा एकच श्वास चालला होता. त्यात आमच्या वस्तीतली पोरंही होती. तीही टाळ्या वाजवत होती. फळी मारा म्हणून कुणीतरी ओरडलं आणि तो आवाज आमच्याच बाजूनं आला. मला भीती वाटली नाही. मोठं धरण फुटताना कुणी काठावरून बघत असेल, तर त्याला वाटेल तसं मला वाटलं.

मित्रानं फळी उचलली. त्यानं माझ्याकडं बघितलं. तेवढ्या गर्दीत, तेवढ्या आवाजात, तो एकटा माझ्याकडं बघत होता. फळी पोत्यावर पडली. मी मेलो.

पिपं थांबली आणि टाळ्या मात्र आणखी थोड्या वाजत राहिल्या, मग एकेक करून विझल्या. आपण काय वाजवत होतो हे माणसांना कळायला तेवढा वेळ लागला. होडी आली. प्रवाशांनी तोंडं पुसली, बटणं लावली. मित्र माझ्यापाशी बसला. चिमटा टकदिशी वाजला. तिकीट खिशात घालताना त्याची बोटं माझ्या छातीवर जरा जास्तच वेळ राहिली, हृदय चालू आहे का बघितल्यासारखी.

पडदा नव्हता. आम्ही उठून उभे राहिलो, पण कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं गप्प उठली आणि बैलं जुंपू लागली. एक म्हातारी, कुठल्या गावची कोण जाणे, काठी टेकत वर आली आणि माझं डोकं, गाल, मान हातानं चाचपून म्हणाली, "जित्ता हाईस न्हवं?" मी हो म्हटलं. "मग बरं," म्हणाली, कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढून माझ्या तोंडात घातला आणि उतरून गेली.

मायबरोबर मी घरी चाललो होतो. फाटा मागं पडेपर्यंत ती झपझप चालत राहिली. मग म्हणाली, "त्या टेकडीवरच्या लोकान्ला तसं व्हायला किती दिस लागले रं?"

"नाटकात? आठवडाभर म्हण."

"लई दिस लागले," ती म्हणाली. आणि थोडं चालल्यावर, "तुझा त्यो कंडक्टर रडत हुता. म्या उठून पुढं आल्ते, दिसलं मला. त्याला जेवायला बोलीव."

तो आला. मायनं वाढलेलं जेवला. आमच्या घरी जेवलेला त्याच्या घरातला तो पहिला.

मग मुरुम गावाहून निरोप आला. तिथल्या तरुण मंडळाला नाटक हवं होतं. टाईमकीपर हरखला. पण मित्र बैठकीत उठून म्हणाला, "करू. पर माझी येक अट हाय. दर खेपंला बिनतिकीट बदलायचा. ह्या वक्ताला मी. आणि कंडक्टर ह्यो." त्यानं माझ्याकडं बोट केलं.

मुरुमला आम्ही दुपारी खेळ केला, शाळेच्या पटांगणात, पत्र्याच्या मांडवाखाली. खाकी माझ्या अंगाला सैल होत होती. पिपं तिथल्याच लोकांनी आणून दिली. शिकार सुरू झाली. मी फळी उचलली आणि पुढं बघितलं. मित्र गुडघ्यावर बसून हात जोडत होता. तिकीट काढतो, मास्तर.

आणि ते आलं. पायांतून वर आलं. मला वाटलं होतं, मला हे कधीच होणार नाही. ज्यानं तो शब्द ऐकलाय, ज्याची माय ज्वारीच्या पिकात बसलीय, त्याला कसं होईल? पण पिपाचा आवाज छातीत शिरला, मागचे पाय माझ्या पायांबरोबर पडू लागले, पुढं बसलेली अनोळखी माणसं डोलू लागली, आणि माझं अंग हलकं झालं. खरंच झालं. माझं नाव, गाव, वस्ती, सगळं गळून पडलं. पापण्या आपोआप मिटायला लागल्या. किती सुखाचं असतं ते, हे मला तेव्हा कळलं.

मित्राला ते दिसलं. हात जोडलेलेच ठेवून त्यानं ओठ न हलवता, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हटलं, "हिकडं बघ. हिकडं."

मी जोर लावून डोळे उघडे ठेवले. जात्याचा दगड उचलावा तेवढा जोर लागला. त्याचा चेहरा दिसला. कपाळावरची आठी, वाढलेली दाढी, उजव्या गालावरचा तीळ. फळी पोत्यावर पडली.

परतताना गिरणीच्या टेम्पोत आम्ही पाठीमागं बसलो होतो. पिपं खडखडत होती. आक्का त्यांच्यावर गोधडी टाकून पेंगत होती, टाईमकीपर पुढं ड्रायव्हरला पुढच्या नाटकाची गोष्ट सांगत होता. पश्चिमेला आभाळ तांबडं झालं होतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं पावसाच्या आशेनं उघडी पडली होती.

मित्रानं बिडी पेटवली. धूर सोडून, माझ्याकडं न बघता विचारलं, "आलं का?"

"आलं," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. पाय टेकायला मला जागा व्हावी म्हणून तो थोडा बाजूला सरकला.